होम्स मुलांच्या हाती कुठून द्यावा?

पत्र : आमच्या गावच्या वाचनालयात मी दर शनिवारी दुपारी आठवी-नववीच्या पंधरा-सोळा मुलांचा वाचनगट चालवते. यंदा गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या कथा घ्यायचं ठरवलं. क्रमानं जावं म्हणून पहिल्या कादंबरीपासून सुरुवात केली, तर निम्म्यावर गोष्ट एकदम अमेरिकेच्या वाळवंटात गेली आणि मुलं गळाली. काहींनी मोबाइलवर मालिका पाहिलीय, ती शेवट आधीच फोडतात. एक मुलगा म्हणाला, ‘बाई, सीसीटीव्ही असता तर ही गोष्ट दोन मिनिटांत संपली असती.’ मला उत्तर सुचलं नाही. सव्वाशे वर्षांहून जुन्या या कथा लोक अजून का वाचतात? आणि या मुलांना त्या कशा द्याव्यात?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलं गळाली यात मुलांचा दोष नाही. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही 1887 ची कादंबरी आर्थर कॉनन डॉयलनं नवखा असताना लिहिली. तिचे सगळे हक्क त्यानं 25 पौंडांना विकले होते. तिच्या दुसऱ्या भागाची पहिली पाच प्रकरणं अमेरिकेतल्या युटामध्ये घडतात आणि त्यात होम्स औषधालाही नाही. ज्याच्यासाठी पुस्तक उघडलं तोच पाच प्रकरणं गायब झाला तर मोठा वाचकही कंटाळतो. ती कादंबरी बाजूला ठेवा. तिचा पहिला भाग, होम्सचा मित्र आणि गोष्ट सांगणारा वॉटसन यांची होम्सशी ओळख होते तेवढा, पुढे कधीतरी वाचून दाखवा. तिथे मुलांना आपल्याकडचा एक धागाही सापडेल. वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून बोटीनं मुंबईला उतरतो, तिथून अफगाण सरहद्दीकडे जातो, 1880 च्या मैवंदच्या लढाईत गोळी लागते आणि पेशावरच्या इस्पितळात विषमज्वरानं मरता मरता वाचतो.

क्रमाची चिंता सोडून द्या, कारण या कथा क्रमानं वाचायला लिहिलेल्याच नाहीत. त्या काळच्या मासिकांत क्रमशः कादंबऱ्या चालत. एक अंक चुकला की वाचक तुटायचा. डॉयलच्या लक्षात आलं की पात्रं तीच ठेवावीत, पण प्रत्येक अंकात गोष्ट पुरी करावी. जुलै 1891 च्या ‘स्ट्रँड’ मासिकात ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ आली आणि होम्सचा खरा काळ सुरू झाला. 1927 पर्यंत एकूण 56 कथा आणि 4 कादंबऱ्या झाल्या. त्यातली कुठलीही कथा हातात आली तरी वाचकाला आत शिरता येतं. या कथा इतकी वर्षं टिकल्या त्याचं एक साधं, कारागिरीचं कारण हे आहे.

पण मोठं कारण दुसरं आहे आणि ते मुलांना सांगून पटणार नाही, करून दाखवावं लागेल. त्यासाठी पहिल्या शनिवारी ‘द रेड-हेडेड लीग’ घ्या. (इथून पुढे उत्तरं उघड करतोय, पण तुम्हाला ती लागणारच आहेत.)

जेबेझ विल्सन नावाचा लाल केसांचा सावकार आहे. त्याला लाल केसवाल्यांच्या एका संघाकडून आठवड्याला 4 पौंड पगाराची विचित्र नोकरी मिळते : रोज सकाळी दहा ते दुपारी दोन एका खोलीत बसायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि विश्वकोश उतरवून काढायचा. आठ आठवडे तो इमानेइतबारे ‘ए’ अक्षराच्या नोंदी लिहितो, 32 पौंड कमावतो आणि एके सकाळी दारावर पाटी : संघ बरखास्त. आता यातल्या खुणा कशा पेरल्यात ते बघा. दुकानातला नोकर निम्म्या पगारावर काम करतो. तो फोटोग्राफीच्या नावाखाली सारखा तळघरात असतो. होम्स दुकानापाशी येतो, फुटपाथवर काठी दोन-तीनदा आपटतो, दार वाजवून नोकराला रस्ता विचारतो. वॉटसनला सांगतो, मला त्याचा चेहरा बघायचा नव्हता, त्याच्या पँटचे गुडघे बघायचे होते. मग दोघं कोपरा वळून मागच्या हमरस्त्यावर जातात. तिथल्या इमारती होम्स ओळीनं मोजतो : तंबाखूवाला, वर्तमानपत्रांचं छोटं दुकान, बँकेची शाखा, शाकाहारी भोजनालय, गाड्या बनवणाऱ्याचं आवार.

नोकर तळघरातून भुयार खणत असतो ते याच बँकेकडे. बँक पाचांतली तिसरी आहे, बरोबर मध्ये. पहिली असती तर नजरेत भरली असती, शेवटची असती तर लक्षात राहिली असती. डॉयलनं ती यादीच्या पोटात ठेवली आणि आपण शाकाहारी भोजनालयाची गंमत वाटून पुढे सरकतो. वाचताना ही पाच नावं एकाच लयीत, एकाच आवाजात वाचा. ‘बँक’वर जोर दिलात की सगळं वाया गेलं. हे वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांच्या हातून फार वेळा होतं, कारण आपल्याला उत्तर माहीत असतं आणि आवाज ते सांगून टाकतो.

यादीनंतर होम्स म्हणतो, काम झालं, आता सँडविच, कॉफी आणि मग व्हायोलिनची मैफल. तिथेच पुस्तक मिटा. इथवर मोठ्यानं वाचायला 35 ते 40 मिनिटं लागतील. मुलांना अर्धा ताव कागद द्या आणि दोनच प्रश्न विचारा : विल्सनला रोज चार तास घराबाहेर ठेवण्यात कोणाचा फायदा? आणि गुडघे कशानं मळतात? बोलू देऊ नका, लिहूनच घ्या. बोलायला दिलं तर एक हुशार पोर उत्तर देतं आणि बाकीची चौदा डोकी तिथेच थांबतात. पंधरा मिनिटांनी उरलेली कथा वाचा. नंतर लगेच वॉटसनचं एक वाक्य येतं, त्यावर थोडं थांबा. तो म्हणतो की होम्सनं जे ऐकलं तेच मी ऐकलं होतं, त्यानं जे पाहिलं तेच मीही पाहिलं होतं, तरी त्याला सारं स्पष्ट आणि मला अंधार.

आमच्या मते होम्सच्या टिकण्याचं मूळ या वाक्यात आहे. वाचक वॉटसनच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. ज्या खुणा होम्सला दिसल्या त्या आपल्याही डोळ्यांपुढून गेलेल्या असतात. म्हणून उत्तर कळल्यावर फसवल्यासारखं वाटत नाही, उलट मागे जाऊन पुन्हा बघावंसं वाटतं. रहस्यकथेचा जीव फक्त ‘कोणी केलं’ यात असता तर ती एकदा वाचून रद्दीत गेली असती. तसं झालेल्या कादंबऱ्या आहेतही. फर्गस ह्यूमची ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ 1886 साली मेलबर्नला निघाली, पुढच्या वर्षी लंडनमध्ये आली आणि होम्सच्या पहिल्या पुस्तकापेक्षा कितीतरी पट खपली. आज ती अभ्यासकच वाचतात. तिच्यात रहस्य चांगलं आहे, पण ज्याच्याकडे परत जाऊन बसावं असं माणूस नाही. होम्सकडे मात्र शेकोटी आहे, पावसाळी खिडकी आहे, जिन्यावर पाहुण्याची पावलं आहेत आणि ऐकून घेणारा मित्र आहे.

खरं सांगायचं तर सगळ्याच कथा इतक्या सरळ खेळत नाहीत. काहींमध्ये होम्स भिंगानं जमिनीवर काहीतरी बघतो आणि काय पाहिलं ते आपल्याला शेवटी कळतं. अशा कथा कागदाच्या खेळाला घेऊ नका, मुलं चिडतात आणि चिडणं रास्त असतं.

शेवट फोडणाऱ्या मुलांचं काय करायचं? त्यांना काम द्या. त्यांच्या हाती पेन्सिल आणि पुस्तकाची प्रत द्या. कथा वाचली जात असताना प्रत्येक खूण कुठल्या पानावर आली ते त्यांनी गुपचूप टिपायचं आणि शेवटी सांगायचं. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यालाच हे काम जमतं. या कथेत त्यांना एक जादा गंमतही मिळेल. नोकरीची जाहिरात 27 एप्रिल 1890 ची आहे आणि वॉटसन म्हणतो ती दोनच महिन्यांपूर्वीची, पण संघ बरखास्त झाल्याची पाटी 9 ऑक्टोबरची आहे. हिशेब जुळत नाही. डॉयल भराभर लिहायचा, तारखा तपासत बसायचा नाही. वॉटसनची जखमही पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे आणि दुसरीत पायाला. अशा चुका जगभरचे वाचक शंभर वर्षं प्रेमानं वेचत आलेत. मुलांना लेखकाची चूक सापडली की ती त्या पुस्तकाची होऊन जातात.

दुसऱ्या शनिवारी ‘सिल्व्हर ब्लेझ’. डार्टमूरच्या माळावरच्या तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो. राखणीला बसलेल्या पोऱ्याच्या जेवणात अफू घातलेली असते आणि ते जेवण आहे मटणाचा मसालेदार रस्सा. इथे मुलांना विचारा : अफूची चव लपवायची तर साधा वरणभात चालेल का? आपल्या पोरांना हे लंडनच्या पोरांपेक्षा लवकर कळेल. म्हणजे त्या रात्री घरात रस्साच शिजेल हे ज्याला ठरवता येतं तोच यात आहे, बाहेरून आलेला अनोळखी माणूस नाही. त्यानंतर कुत्र्याची प्रसिद्ध खूण येते : तबेल्यात कुत्रा होता, कोणीतरी येऊन घोडा बाहेर नेला, तरी माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना जाग येईल इतकंही तो भुंकला नाही. घडलेली गोष्ट सगळ्यांना दिसते. जी घडायला हवी होती आणि घडली नाही, ती दिसायला वेगळी नजर लागते. ही खूण तुम्ही समजावून सांगू नका. कुत्र्याचा उल्लेख झाला की थांबा आणि मुलांकडून एकच यादी करून घ्या : तुमचा कुत्रा कोणाकोणाला भुंकत नाही?

याच कथेच्या सुरुवातीला आगगाडीत बसून होम्स गाडीचा वेग सांगतो : ताशी साडेत्रेपन्न मैल. कसा? तारेचे खांब 60 यार्डांवर आहेत. 60 यार्ड म्हणजे सुमारे 55 मीटर आणि तो वेग ताशी 86 किलोमीटर होतो. मुलांना एसटीत हे करायला लावा. एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि 3600 ला त्यानं भागायचं. 72 सेकंद लागले तर वेग ताशी 50. एकाच किलोमीटरवर भरवसा ठेवू नका, गतिरोधक आणि थांबे हिशेब बिघडवतात. तीनदा मोजून सरासरी काढायची.

आता सीसीटीव्हीवाल्या मुलाला द्यायचं उत्तर. त्याचा प्रश्न चांगला आहे, त्याला गप्प बसवू नका. त्याला ‘द नॉरवुड बिल्डर’ द्या. बोटांच्या ठशांची पद्धत त्या काळचा सीसीटीव्हीच होती. ती उभी राहिली आपल्याकडे : 1897 साली कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला, वर्गीकरणाच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. लंडनच्या पोलिसांनी, म्हणजे स्कॉटलंड यार्डनं, ती 1901 मध्ये घेतली. आणि 1903 च्या या कथेत डॉयलनं लगेच दाखवलं की ठसा खोटाही उमटवता येतो. भिंतीवर संशयिताच्या अंगठ्याचा रक्ताचा ठसा सापडतो, पोलीस खूश. होम्स मात्र आदल्या दिवशी ती जागा बारकाईनं बघून गेलेला असतो आणि तेव्हा तिथे ठसा नव्हता, संशयित तर तोवर कोठडीत होता. ठसा आला कुठून? लाखेच्या मोहरेवर उमटलेल्या अंगठ्यावरून. कॅमेरा असो नाहीतर ठसा, यंत्र पुरावा देतं. तो काल इथे होता का, हे कोणीतरी विचारावं लागतं. मोबाइलवर बनावट व्हिडिओ फिरत असलेल्या मुलांना हे चटकन कळेल.

तिसरी कथा ‘द ब्लू कार्बंकल’ घ्या, पण तिथे एक धोका आहे, तो नीट सांभाळा. होम्स एका जुन्या हॅटवरून मालकाचं आयुष्य वाचतो. हॅटला मेणबत्तीच्या चरबीचे पाच डाग आहेत, म्हणजे घरात गॅसचे दिवे नसणार. हे वाचलं की मुलं लगेच एकमेकांवर प्रयोग करू लागतात. आपल्याकडे त्याची गाडी चपलांवरून घरच्या गरिबीवर आणि आडनावावरून जातीवर जायला वेळ लागत नाही, आणि एखादं मूल पुढच्या शनिवारी येत नाही. म्हणून नियम करा : अनुमान वस्तूवर, माणसावर नाही. आणि वस्तूही मुलांच्या नकोत. वाचनालयात विसरून राहिलेली छत्री, जुना कंदील, एखादं वापरलेलं स्वयंपाकाचं पुस्तक, अशा तीन-चार वस्तू तुम्ही आणा. प्रत्येक अनुमानापुढे ‘आणखी काय असू शकेल?’ हा रकाना सक्तीचा ठेवा. होम्स स्वतः इथे चुकतो : मोठी हॅट म्हणजे मोठं डोकं म्हणजे जास्त बुद्धी, हे त्याचं अनुमान आजच्या शास्त्राला मान्य नाही. ते मुलांनाच पकडू द्या. अनुमानानं माणूस दुखावतो हेही डॉयलला ठाऊक होतं. ‘द साइन ऑफ फोर’च्या सुरुवातीला होम्स एका घड्याळावरून वॉटसनच्या वारलेल्या भावाचं व्यसन उघडं करतो, वॉटसन खुर्चीतून ताडकन उठतो आणि होम्सला माफी मागावी लागते. तेवढा उतारा वाचून दाखवा. त्याच प्रकरणात होम्स कोकेन घेतो हेही आहे. लपवू नका. तेव्हा इंग्लंडमध्ये त्याला बंदी नव्हती आणि वॉटसन डॉक्टर म्हणून त्याला तिथेच खडसावतो, हे दोन्ही सांगा. बाकी कादंबरी या वयाला नको. तिच्यात अंदमानच्या आदिवासीचं जे वर्णन आहे ते अपमानकारक आहे. मोठ्यांनी ते त्या काळाचं म्हणून समजून घ्यावं, तेराव्या वर्षी ते नुसतं मनात उतरतं.

ही अनुमानाची रीत आली कुठून, हे मुलं विचारतील. डॉक्टरांकडून. एडिनबरोला डॉयलला शिकवणारे जोसेफ बेल रोगी आत येताच त्याच्याबद्दल सांगत. एका रोग्याला त्यांनी बघताक्षणी सांगितलं, तुम्ही नुकतेच सैन्यातून सुटलात आणि बार्बाडोसला होतात. माणूस अदबशीर होता, पण त्यानं हॅट काढली नव्हती, म्हणजे लष्करी सवय अजून गेली नव्हती. आणि त्याला हत्तीरोग होता, जो ब्रिटनमध्ये नाही, वेस्ट इंडीजमध्ये होतो. यात जादू नाही, दोन खुणा आणि पाठीशी ज्ञान आहे. हत्तीरोग कुठे होतो हे माहीत नसतं तर नुसत्या निरीक्षणाचा काही उपयोग नव्हता.

चौथ्या शनिवारी ‘द डान्सिंग मेन’, कारण तिच्यात हातानं करायचं काम आहे. नाचणाऱ्या माणसांच्या चित्रांची सांकेतिक लिपी. इंग्रजीत ‘ई’ सर्वांत जास्त येतो यावरून होम्स सुरुवात करतो, ज्या माणसाच्या हाती झेंडा तिथे शब्द संपतो हे ओळखतो आणि दुसरं-चौथं अक्षर ‘ई’ असलेल्या पाच अक्षरी शब्दावरून ‘नेव्हर’पर्यंत पोचतो. हे मराठीत करायचं तर आधी ठरवा की व्यंजनाला एक चिन्ह आणि काना-मात्रा-वेलांटीला वेगळं चिन्ह. अख्ख्या अक्षराला एक चिन्ह दिलंत तर ‘क, का, कि, की’ करता करता शेकडो चिन्हं होतील आणि खेळ बुडेल. मग वर्तमानपत्रातला एक उतारा घेऊन कुठलं चिन्ह किती वेळा आलं ते मुलांना मोजू द्या. गुप्त निरोप किमान 150 चिन्हांचा हवा. चार शब्दांच्या निरोपात मोजणीला अर्थच उरत नाही आणि मुलांना वाटतं रीतच खोटी आहे.

राहिला प्रतींचा प्रश्न. मूळ इंग्रजी 60 च्या 60 रचना आता हक्कमुक्त आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात, छापून वाटल्या तरी हरकत नाही. मराठी अनुवादांचं तसं नाही. त्यांचे हक्क अनुवादकाचे किंवा प्रकाशकाचे असतात, त्यांच्या झेरॉक्स काढू नका. भालबा केळकरांचे अनुवाद बऱ्याच जुन्या वाचनालयांच्या कपाटात असतात, आधी तिथे बघा. नवी प्रत घेताना दुकानात उभ्याउभ्या तीन जागा तपासा : लाल केसांच्या कथेत पाच दुकानांची यादी पूर्ण आहे का, घोड्याच्या कथेत साडेत्रेपन्न मैलांचा हिशेब आहे का, हॅटवरच्या चरबीचे डाग आहेत का. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत पहिली कात्री अशाच ‘बिनकामाच्या’ तपशिलांवर चालते, आणि इथे तर तपशील हीच गोष्ट आहे. एक जरी जागा गळालेली दिसली तर ते पुस्तक ठेवून द्या.

आणि तुमच्यासाठी, मुलांसाठी नव्हे : मे महिन्याच्या सुट्टीत विल्की कॉलिन्सची 1868 ची ‘द मूनस्टोन’ वाचा. सुरुवात 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत आहे. तिथून इंग्लंडला गेलेल्या हिऱ्याची चोरी अनेक जण आपापल्या तोंडानं सांगतात. ओल्या रंगाच्या दारावर कोणाचं तरी वस्त्र घासलेलं असतं आणि तपासाला आलेला पोलीस सार्जंट कफ त्या डागाळलेल्या वस्त्राच्या मागे लागतो. 1860 साली इंग्लंडमध्ये घडलेल्या रोड हिल हाउसच्या खऱ्या खून प्रकरणातही पोलीस एका हरवलेल्या नाइटगाउनच्या मागे होते, कॉलिन्सनं ते तिथून उचललं. जाड पुस्तक आहे, पहिली पन्नास पानं म्हातारा कारभारी बेटरेज पाल्हाळ लावतो. त्याला लावू द्या, खुणा तिथेही आहेत.